इंडिया नावाची बिअर

शैलजाबाईंना एवढंच सांगण्यात आलं होतं, की नंदिनी आंबवण्याच्या कारखान्यात नोकरीला आहे. आणि तसं पाहिलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. "जपानी लोक काय काय आंबवत असतात, आई. सोयाबीन, तांदूळ. त्यातलंच," असं संजीव फोनवर म्हणाला होता. शैलजाबाईंनी मग पुण्यात भिशीच्या बायकांनाही सांगून टाकलं होतं, की आमची सून तिकडे इडलीच्या पिठासारखं काहीतरी करते. त्यामुळे रविवारी दुपारी योकोहामाच्या टेकडीखालच्या त्या गल्लीत, उघड्या दारातून त्यांना बाटल्यांच्या उतरंडी दिसल्या, तेव्हा त्यांना आधी वाटलं, की आपण चुकून शेजारच्या दारात आलोय.

"ही बिअर आहे," त्या म्हणाल्या.

"हो आई," नंदिनी म्हणाली. "आत चला, मी सगळं सांगते."

संजीव खाली वाकून बुटाची नाडी सोडत होता. नाडीला एवढा वेळ लागत नाही, हे त्याला लहानपणी नाडी बांधायला शिकवणाऱ्या बाईला सांगायची गरज नव्हती. शैलजाबाईंनी प्रल्हादरावांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. म्हणजे यांनाही ठाऊक नव्हतं, की होतं? नवऱ्याच्या चेहऱ्यावरून इतक्या वर्षांत त्यांना सगळं वाचता यायचं, पण जपानात आल्यापासून तेही जमेनासं झालं होतं.

त्यांच्या घरात बिअर हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. प्रल्हादरावांचे थोरले भाऊ चारुदत्त दारूपायी गेले होते. घरातला सगळ्यात हुशार, सगळ्यात गोड बोलणारा माणूस, आणि शेवटी शेवटी आपल्या खोलीचं दार आतून लावून घेऊन बसायचा. भावोजी गेले त्यानंतर प्रल्हादरावांनी शपथ वगैरे काही घेतली नाही. त्यांनी फक्त आयुष्यात कधी पेल्याला हात लावला नाही. बँकेच्या पार्ट्यांत ते लिंबू सरबत घेऊन कोपऱ्यात उभे राहायचे आणि त्यावरून होणारी थट्टा हसून सोडून द्यायचे. शैलजाबाईंना त्यांच्या नवऱ्याची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडायची, जरी त्यांनी ती त्यांना कधी सांगितली नव्हती.

आणि आता त्या आल्या होत्या लेकाला घरी न्यायला. संजीवचं योकोहामातलं काम संपत आलं होतं, कंपनी त्याला हिंजवडीला परत बोलावत होती. बाणेरला शेजारीशेजारी दोन फ्लॅट घेतले होते. नातीच्या, रुचाच्या खोलीला रंग देऊन झाला होता. लेक विभा पडद्यांची कापडं निवडून बसली होती आणि रोज फोनवर विचारत होती, शिवायला टाकू का. संजीव म्हणत होता, येणारच आहोत. नंदिनी म्हणत होती, बघू या. गेल्या आठवड्यापासून शैलजाबाई या दोन वाक्यांच्या मध्ये उभ्या होत्या. जेवताना संजीव पुण्याच्या शाळांबद्दल उत्साहानं बोलायचा, आणि भांडी घासताना तोच नंदिनीला हळू आवाजात काहीतरी वेगळंच सांगायचा. रुचाला विचारावं तर ती जपानीत उत्तर देऊन खेळायला पळायची. आज तीही शाळेच्या सहलीला गेली होती.

"रविवारी आमचे मालक तुम्हाला भेटायला बोलावतायत," नंदिनी म्हणाली होती. "त्यांना तुमच्याशी बोलायचंय." सुनेचा साहेब सुनेच्या सासूशी काय बोलणार, हे काही शैलजाबाईंच्या ध्यानात आलं नाही. तरी त्या नवी साडी नेसून आल्या.

कारखाना कसला, मोठ्या स्वयंपाकघराएवढी जागा होती. स्टीलच्या उंच टाक्या, ओली फरशी, आणि वास. तो वास नाकात शिरला आणि शैलजाबाई थबकल्या. दारूच्या वासाला त्या तयार होत्या. हा वेगळाच होता, गोडसर, उबदार, भिजलेल्या धान्याचा.

"हे काय शिजतंय?"

"जव. मोड आणून वाळवलेले, भाजलेले, भरडलेले. गरम पाण्यात घातलेत." नंदिनीनं टाकीकडे बोट दाखवलं. "तुम्ही रुचासाठी नाचणी सत्त्व करायचात ना, आई, अगदी तसंच. मी पहिल्यांदा इथून चालत जात होते तेव्हा हा वास आला. मला वाटलं, कुणीतरी मराठी बाई राहते इथं. म्हणून डोकावले."

शैलजाबाईंनी पुन्हा एकदा तो वास घेतला. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून त्या सत्त्व करायच्या, ते बाळाच्या पोटात जावं म्हणून. त्याच वाटेनं गेलं की हे होतं, असं ही पोरगी सांगत होती. त्यांना एकाच वेळी बरंही वाटलं आणि फसवल्यासारखंही वाटलं.

मालकांचं नाव होरिगुची; नंदिनी त्यांना मानानं होरिगुची-सान म्हणायची. सत्तरीचे, सडपातळ, पांढरे केस, आणि कमरेत इतके वाकले की प्रल्हादरावही गडबडून वाकले आणि दोघांची डोकी थोडक्यात वाचली. मागच्या खोलीत चटयांवर बुटकं टेबल मांडलं होतं. प्रल्हादरावांच्या गुडघ्यांसाठी आठवणीनं उशा ठेवल्या होत्या. मीठ लावून उकडलेल्या हिरव्या शेंगा होत्या, तळलेलं टोफू होतं, आणि एका निळ्या बशीत कोथिंबीर वड्या.

"ही माझी वडी आहे," शैलजाबाई म्हणाल्या. त्यांच्या वडीत तीळ आणि चिंचेचा किंचित कोळ असतो. ती लाखात ओळखू येते.

"तुमचीच, आई. इथं संध्याकाळी गिऱ्हाइकांना देतो आम्ही. बिअरबरोबर सगळ्यात आधी ती संपते."

आपली वडी आपल्या माघारी या देशात येऊन दारूच्या शेजारी बसली होती, आणि लोकांची लाडकी झाली होती. शैलजाबाईंनी एक उचलून खाल्ली. चांगली झाली होती, हे आणखी एक.

होरिगुची-सान बोलत होते आणि नंदिनी मराठीत सांगत होती. त्यांच्या वडिलांचा सोया सॉसचा धंदा होता. दहा-बारा वर्षांपूर्वी सरकारनं लहान कारखान्यांना बिअर करायची परवानगी दिली, तेव्हा यांनी सॉसच्या जागी बिअर सुरू केली. याच टेकडीच्या झऱ्याच्या पाण्यावर सव्वाशे वर्षांपूर्वी एका परदेशी माणसानं बिअर करायला घेतली होती, आणि इथल्या लोकांना कडू लागणारं ते पाणी हळूहळू आवडायला लागलं. आता उन्हाळ्यात ऑफिस सुटल्यावर माणसं आधी बिअर मागतात आणि मग ठरवतात काय खायचं. "ते म्हणतात, पहिला घोट घेईपर्यंत इथं कुणी कुणाशी खरं बोलत नाही," नंदिनी म्हणाली, आणि का कोण जाणे तिनं संजीवकडे पाहिलं.

मग होरिगुची-सानांनी एक मोठी बाटली दोन्ही हातांनी आणली आणि प्रल्हादरावांपुढे धरली. लेबलवर इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: इंडिया.

"इंडिया?" प्रल्हादराव म्हणाले.

"इंग्रज लोक विलायतेहून मुंबई-कलकत्त्याला जहाजानं बिअर पाठवायचे, बाबा. महिनोन् महिने समुद्रावर. खराब होऊ नये म्हणून एका वेलीची कडू फुलं जास्त घालायचे. तिचं नाव इंडिया पडलं, आणि आता जगभर करतात."

"म्हणजे गोऱ्या सोजिरांसाठी. आपला काय संबंध?"

"तेच ते विचारतायत. ते म्हणतात, इतकी वर्षं आम्ही इंडिया नावानं बिअर करतो, पण इंडियातल्या वडीलधाऱ्या माणसानं ती कधी चाखून सांगितली नाही."

आता हे म्हणजे, चायनीज भेळ कशी झालीय ते विचारायला चीनचा माणूस धरून आणण्यासारखं होतं. शैलजाबाई नवऱ्याच्या लिंबू सरबताची वाट बघत निवांत बसल्या. त्यांच्यापुढे भाजक्या जवाचा गार चहा आला होता. इथं जवाशिवाय काही मिळतच नव्हतं.

प्रल्हादरावांनी बाटली हातात घेऊन फिरवली. मग सुनेला विचारलं, "ही तू केलीस?"

"हो, बाबा. ही पूर्ण मीच."

होरिगुची-सानांनी त्यांच्या छोट्या पेल्यात बिअर ओतली. प्रल्हादरावांनी पेला उचलला, सगळ्यांनी पेले उंचावून "कानपाइ" म्हटलं, आणि आयुष्यभर कोपऱ्यात उभा राहिलेला तो माणूस शांतपणे ती प्यायला. सगळी. पेला खाली ठेवून ओठ पुसून म्हणाला, "कडू आहे. पण कारल्यासारखी. औषधासारखी नाही."

नंदिनीनं भाषांतर केलं. होरिगुची-सानांचा चेहरा उजळला आणि त्यांनी पेला पुन्हा भरला. प्रल्हादरावांनी तोही संपवला. पुन्हा भरला गेला. तोही संपला.

शैलजाबाईंनी हातातला जवाचा चहा खाली ठेवला. माणूस असा एका दुपारी बदलतो? की हे इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं होतं, आणि आपण त्याला गुण समजत होतो? शेवटी भाऊ तो भाऊच, असा एक वाईट विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी संजीवला डोळ्यांनी खुणावलं. संजीव शेंगा सोलत बसला होता. नंदिनीकडे पाहिलं तर ती सासऱ्यांच्या प्रत्येक घोटाकडे डोळे मोठे करून बघत होती. हिचा हात आहे यात, शैलजाबाईंना वाटलं. हिनं ठरवून केलंय हे. होरिगुची-सानांनीही आता कपाळावरचा घाम टिपला, नंदिनीला हळूच काहीतरी विचारलं, आणि उठून दुसरी बाटली आणली.

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, तुमचे सासरे फार दमदार आहेत."

"अहो," शैलजाबाई शेवटी म्हणाल्याच. "पुरे की आता."

प्रल्हादराव त्यांच्याकडे वळले. कान लाल झाले होते, आणि चेहऱ्यावर मदत मागणाऱ्या पोराचा भाव होता.

"मी कुठे पितोय, शैला? ते ओततायत. पेल्यात टाकायचं कसं? सुनेनं केलेलं, माणसानं समोर बसून वाढलेलं. मला वाटतंय हा शेवटचा असेल, संपवून टाकू. की हे पुन्हा हजर."

नंदिनीचा हात तोंडावर गेला. "बाबा, इथं उलटं असतं. रिकामा ग्लास दिसला की ओतणाऱ्याला ओतावंच लागतं. नको असेल तर भरलेला तसाच ठेवायचा."

"भरलेला तसाच? टाकून द्यायचा?"

"हो. त्यांनाही कळत नव्हतं काय करावं. पाहुण्याचा ग्लास रिकामा कसा ठेवायचा, आणि बाटल्या तरी किती आणायच्या."

"मग आधी का नाही सांगितलंस?" शैलजाबाईंचा आवाज चढला. "तू इथंच बसली होतीस ना?"

नंदिनीनं सासऱ्यांच्या पेल्याकडे पाहिलं. "मला वाटलं, बाबांना आवडली," ती म्हणाली. "आपल्या माणसांपैकी कुणी आजवर प्यायलं नव्हतं ना ती. संजीवसुद्धा दुसऱ्याच कंपनीची घेतो. मला वाटलं, आवडली म्हणून मागतायत. माझ्यानं थांबवलं नाही."

प्रल्हादरावांनी समोरचा भरलेला पेला दोन बोटांनी जरा पुढे सरकवला आणि म्हणाले, "पहिला आवडला होता. खरंच. बाकीचे संस्कार म्हणून प्यायलो." नंदिनी हसली आणि तिचे डोळे भरून आले. शैलजाबाईंना मात्र आता कुणावर रागवायचं तेच समजेना.

"आणि स्वतःला हवी असली तर?" त्यांनी उगाच विचारलं.

"आपली आपण ओतून घेत नाहीत, आई. दुसऱ्यानं ओतायची. त्याची आपण."

शैलजाबाईंना चारुदत्त भावोजी आठवले. भावोजींची ती बंद खोली, कपाटामागची बाटली, आणि दारापाशी कान लावला की ऐकू येणारा ओतण्याचा आवाज. त्यांना कधी कुणी ओतून दिली नव्हती आणि त्यांनी कधी कुणाला ओतली नव्हती. एवढ्यानं काही झालं असतं असं नाही. तरी त्यांना भावोजींचं फार वाईट वाटलं, कितीतरी वर्षांनी, आणि तेही परक्या माणसाच्या घरी बसून.

आता होरिगुची-सानांनी उशी बाजूला सारली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि बोलायला लागले. बोलणं लांबलं. ऐकता ऐकता नंदिनीची मान खाली गेली. ते थांबले, तरी ती बोलेना.

"सांग की," प्रल्हादराव म्हणाले.

"ते म्हणतात…" नंदिनी टेबलाकडे बघत होती. "ते म्हणतात, माझ्या मुलाला यात रस नाही. माझे हात आता टाक्यांना पुरत नाहीत. तुमच्या सुनेच्या हाताला ही विद्या आहे. माझ्यानंतर बिअर तिनं करावी, असं माझ्या मनात आहे. तिनं हो म्हटलं नाही. ती म्हणाली, घरी विचारायला हवं. ती तुमच्या घरची आहे. म्हणून मी तुमच्याकडे तिला मागतोय."

स्वतःची मागणी स्वतःच्याच तोंडून घालायची वेळ आलेली बाई शैलजाबाईंनी पहिल्यांदाच पाहिली होती.

"हे शैलाला विचारा," प्रल्हादराव म्हणाले. "घर तिनं चालवलंय."

सगळे शैलजाबाईंकडे बघायला लागले. संजीव त्यांच्याकडे झुकला. "आई, तू तुला काय वाटतं ते स्पष्ट सांग. कुणाची भीड धरू नकोस."

"तुला काय वाटतं?"

"माझं काय… इथल्या एका कंपनीनंही विचारलंय मला. राहता येईल. पण तू म्हणशील तसं."

"हे मला कधी सांगणार होतास?"

"मी म्हटलं, तू नाहीच म्हणशील. बिअर बघितल्यावर तर नक्कीच. मग प्रश्नच मिटला."

शैलजाबाई लेकाकडे बघतच राहिल्या. म्हणजे एवढ्यासाठी यानं विमानाची तिकिटं पाठवली होती. बायकोला नाही म्हणायची छाती नव्हती आणि हो म्हणायचीही नव्हती, म्हणून नाही म्हणायला आईला समुद्रापलीकडून बोलावून घेतलं होतं. आणि नाही हा शब्द खरंच त्यांच्या जिभेवर तयार होता. रंगवलेली खोली होती, नात होती, म्हातारपण होतं. त्यांना हे सगळे घरी हवे होते, शेजारच्या दारात हवे होते. पण आता तो शब्द बोलला तर तो आपला असेल की संजीवचा, हे त्यांना कळेना.

काही सुचेनासं झालं की बायका करतात तेच त्यांनी केलं. पानांवरून नजर फिरवली. वड्या संपल्या होत्या. प्रल्हादरावांचा पेला भरलेला. संजीवचा अर्धा. नंदिनीचा अर्धा. आणि होरिगुची-सानांचा कोरडा. "कानपाइ"चा तो एक घोट सोडला, तर हा माणूस दुपारपासून सगळ्यांना ओतत होता आणि त्याला कुणी ओतली नव्हती. प्रल्हादरावांना माहीत नव्हतं, नंदिनी भाषांतरात गुंतलेली, आणि संजीवनं शेंगांमधून मान वर केली नव्हती. यजमान आपला रिकामा पेला समोर ठेवून हसऱ्या तोंडानं बसला होता.

वाढणारा माणूस उपाशी बसलेला शैलजाबाईंना आयुष्यात कधी बघवला नव्हता. त्यांनी बाटली उचलली. थंडगार होती आणि वाटली त्यापेक्षा जड. दुसरा हातही खाली लावला, पुढे सरकल्या आणि ओतली. पेल्यात निम्म्याहून जास्त फेसच झाला, थोडा टेबलावरही सांडला.

होरिगुची-सानांनी पेला दोन्ही हातांत धरला. क्षणभर त्यांनी शैलजाबाईंकडे पाहिलं, आणि मग ते इतके खाली वाकले की कपाळ चटईला टेकायला आलं. नंदिनीच्या तोंडून हुंदका फुटला. संजीव म्हणाला, "आई?"

आपल्या हातून काहीतरी झालंय, एवढं शैलजाबाईंना कळलं. काय, ते नीटसं कळलं नाही. "अहो, मी नुसती…" असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. समोर होरिगुची-सान डोळे मिटून तो फेस पीत होते आणि नंदिनी पदर नसलेल्या ड्रेसच्या बाहीनं डोळे पुसत होती. शैलजाबाईंनी तोंड मिटून घेतलं.

परत निघाले तेव्हा टेकडीवर ऊन उतरत होतं. स्टेशनच्या वाटेवर संजीव आणि नंदिनी पुढे चालत होते, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. प्रल्हादराव जरा जपूनच पावलं टाकत होते.

"तू हो म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"मी कुठे काय म्हणाले? त्यांचा पेला कोरडा होता."

"त्यांनी हो धरलंय."

"कळलं मला ते."

"मग सांगायचं होतंस, गैरसमज झाला म्हणून."

"सांगणार होते," शैलजाबाई म्हणाल्या. बाणेरची ती रंगवलेली खोली रिकामी राहणार, हे त्यांना दिसत होतं. आणि नंदिनीचा तो चेहराही डोळ्यांपुढून हलत नव्हता. दोन्ही एकदम कसं खरं असू शकतं, हे त्यांना उमगत नव्हतं.

तिकिटांच्या मशीनपाशी संजीव थांबला होता. त्याच्या हातातला फोन वाजत होता. "विभाचा आहे," तो म्हणाला. "पडद्यांचं विचारत असणार."

"दे इकडे."

शैलजाबाईंनी फोन घेतला. पलीकडून विभा भरभर बोलत होती. शिंप्याकडे निघालीच होती ती. त्यांनी तिला बोलू दिलं.

"विभा," मग त्या म्हणाल्या, "कापडं नीट घडी घालून ठेवून दे. शिवायला टाकू नकोस."

फोन परत घेताना संजीवनं त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे नक्की काय ठरलं, आई?"

"पडद्यांचं ठरलं," शैलजाबाई म्हणाल्या. "बाकीचं तुझ्या बायकोला तुझ्या तोंडानं सांग."